जॉकी ते ट्रेनर: घोड्यांच्या शर्यतीतलं करिअर

जॉकी म्हणजे शर्यतीत घोडा पळवणारा व्यावसायिक स्वार आणि ट्रेनर म्हणजे तबेला चालवून घोड्यांना शर्यतीसाठी तयार करणारा लायसन्सवाला माणूस. जॉकीचं करिअर शरीरावर चालतं, वजन आटोक्यात राहत नाही, पडून हाडं मोडतात, नाहीतर राइड्स मिळणं कमी होतं, आणि मग याच धंद्यात टिकायचं तर ट्रेनर होणं हा एक मोठा रस्ता उरतो. दिसायला हे प्रमोशन वाटतं पण खरंतर काम जवळजवळ पूर्ण बदलतं.

सुरुवात तबेल्यातच होते. लीद काढायची, खरारा करायचा, पाणी-वैरण बघायची आणि पहाटे ट्रॅकवर घोडे फिरवायचे. मांड पक्की व्हायला यातच वर्षं जातात, कारण शर्यतीतली बैठक साध्या रपेटीसारखी नसते, रिकिबी आखूड असतात, स्वार खोगिरावर टेकत नाही, गुडघ्या-घोट्यांवर तोल धरून वाकलेला राहतो, आणि खाली सुमारे 450 ते 500 किलोचं जनावर ताशी 60 किमीच्या आसपास पळत असतं. या वाकलेल्या बैठकीचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीमुळे झाला.

नवख्याला अप्रेंटिस म्हणून एखाद्या ट्रेनरकडे राहावं लागतं. शर्यतीत प्रत्येक घोड्यानं पाठीवर किती वजन न्यायचं हे ठरलेलं असतं आणि अप्रेंटिसचा अनुभव कमी म्हणून त्याच्या घोड्याला त्यात सूट मिळते, ब्रिटनमध्ये सपाट म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतींत 20 विजयांपर्यंत 7 पौंड, 50 पर्यंत 5 आणि 95 पर्यंत 3. या सुटीमुळे ट्रेनर नव्या पोराला संधी देतात, पण सूट संपली की तो एकदम अनुभवी जॉकींच्या बरोबरीला येतो आणि बऱ्याच जणांचं गाडं तिथंच अडतं. वजनाचा जाच वेगळाच. शर्यतीआधी आणि नंतर खोगिरासकट काट्यावर उभं राहायचं, ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरलं तर घोड्याच्या पाठीवर शिसं घालायचं, जास्त भरत असेल तर स्वतःला सुकवायचं. उपाशी राहून, सॉनामध्ये घाम काढून वजन उतरवणं किडनीला आणि हाडांना घातक आहे आणि नव्या मुलांना हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगायलाच हवं.

जॉकीकडे एक गोष्ट असते जी बाहेरून आलेल्या ट्रेनरला सहज मिळत नाही, ती म्हणजे डोक्यातलं घड्याळ. फर्लांग, म्हणजे सुमारे 200 मीटर, 15 सेकंदांत काढ म्हटलं की चांगला स्वार हातात घड्याळ नसताना तेवढ्यातच काढतो. शिवाय घोडा दम राखून पळतोय की संपलाय, कुठल्या पायावर जपून पडतोय, हे त्याला पाठीवर बसल्यावर लगेच कळतं.

पण ट्रेनरला घोडा बहुतेक वेळ जमिनीवरूनच वाचावा लागतो. संध्याकाळी तो प्रत्येक घोड्याजवळ वाकून पुढच्या पायावरून गुडघ्याच्या खाली तळहात फिरवतो, नळीच्या मागच्या कंडऱ्यावर जराशी ऊब लागली किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित भरलेला वाटला तरी उद्याचा गॅलप, म्हणजे जोरात पळवण्याचा सराव, रद्द. मग गव्हाणीत बघायचं, दाणा शिल्लक आहे का, कारण चांगलं खाणाऱ्या घोड्यानं अचानक दाणा टाकला तर बहुतेकदा काहीतरी बिनसलेलं असतं. जॉकीचा सगळा विचार त्या दोन-तीन मिनिटांचा असतो आणि ट्रेनरचा काही महिन्यांचा, त्यामुळे घोडा पळवायचा नाही हे ठरवणं, मालक पळवा म्हणत असताना ठरवणं, हीच माझ्या मते या बदलातली सगळ्यात अवघड शिकवण आहे.

म्हणून मधली काही वर्षं असिस्टंट ट्रेनर म्हणून काढलेली बरी. तिथं शर्यतीसाठी घोड्याची एंट्री कधी टाकायची, कुठल्या अंतराची शर्यत धरायची, मोतद्दार, नालबंद आणि व्हेट यांची कामं कशी बसवायची, मालकाला वाईट बातमी फोनवर कशी द्यायची हे सगळं कळतं. लायसन्स देताना रेसिंगची संस्था अनुभव, तबेल्याची सोय आणि पैशांची बाजू तपासते. जबाबदारीही मोठी, घोड्याच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं तर बहुतेक ठिकाणी आधी ट्रेनरलाच जबाब द्यावा लागतो, औषध दुसऱ्या कुणी दिलं असलं तरी. कमाई म्हणजे मालकाकडून घोड्यामागे ट्रेनिंग फी आणि बक्षिसातला हिस्सा, पण फीमधला बराच भाग दाणा-वैरण आणि पगारांतच जातो.

दोन्हीकडे नाव काढलेले लोक आहेत. फ्रेड विंटर यांनी ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली अडथळ्यांची मोठी शर्यत जॉकी म्हणून 1957 आणि 1962 ला जिंकली, मग ट्रेनर म्हणून 1965 आणि 1966 ला. जॉनी लाँगडेन यांनी अमेरिकेतली केंटकी डर्बी 1943 मध्ये काउंट फ्लीट या घोड्यावर बसून जिंकली आणि 1969 मध्ये मॅजेस्टिक प्रिन्सला ट्रेन करून. फ्रेडी हेड यांनी मिएस्क या घोडीवर 1987 आणि 1988 ची ब्रीडर्स कप माइल ही अमेरिकेतली शर्यत घेतली आणि पुढे त्यांनी ट्रेन केलेल्या गोल्डिकोवानं तीच शर्यत 2008 पासून सलग तीनदा मारली. मोठ्या जॉकीच्या नावामुळे पहिले मालक येतात, हा फायदा आहेच, पण दोन सीझन रिझल्ट नाही आले तर तेच मालक घोडे दुसऱ्या तबेल्यात हलवतात. ज्यांना हा हिशेब आणि माणसं सांभाळणं झेपत नाही ते जॉकी पहाटे सरावात घोडे पळवणारे वर्क रायडर, रायडिंग शिकवणारे किंवा शर्यतींचे अधिकारी म्हणून राहतात आणि तबेल्यांना अशा अनुभवी हातांची गरज कायम असते.