ईएल मुलांचे गुण आणि शाळेचा वाटा

अमेरिकेत घर घेण्याआधी अनेक मराठी कुटुंबे त्या भागातल्या हायस्कूलचा निकाल पाहतात. निकालपत्रात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची, म्हणजे 'ईएल' गटाची, वेगळी ओळ असते. तिथली सरासरी कमी दिसली की शाळा वाईट ठरते. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकतो, आणि कधी कधी तर सत्य त्याच्या अगदी उलट असते.

मूल ईएल कसे ठरते? प्रवेशाच्या वेळी पालक घरातल्या भाषेचा फॉर्म भरतात. तिथे मराठी लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि ते कमी पडले तर या गटात जाते. सरकारी शाळांत अशी सुमारे 50 लाख मुले आहेत, म्हणजे दहात एक. मग दरवर्षी ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे तपासले जाते. अनेक राज्यांत चालणाऱ्या 'विडा' चाचणीची श्रेणी 1 ते 6 असते. वाचन आणि लेखनाला प्रत्येकी 35 टक्के वजन, ऐकणे आणि बोलण्याला प्रत्येकी 15. राज्याने आखलेली रेषा, बहुधा 4 ते 5च्या दरम्यानची, ओलांडली की मूल गटातून बाहेर पडते.

सगळी मेख या बाहेर पडण्यात आहे. दोन काल्पनिक शाळा घेऊ. दोन्हींत 100 ईएल मुले. त्यातल्या 60 जणांची गणितातली सरासरी 70, उरलेल्या 40 जणांची 40. शाळा 'अ' उत्तम शिकवते, सगळ्यांचे गुण 5ने वाढतात आणि ती 60 मुले रेषा ओलांडून जातात. गटात राहिलेल्या 40 जणांची सरासरी 45. शाळा 'ब'मध्ये गुण वाढत नाहीत आणि 60 पैकी फक्त 20 मुले बाहेर पडतात. तिथे मागे राहतात 70 सरासरीची 40 आणि 40 सरासरीची 40 मुले, म्हणून गटाची सरासरी 55. निकालपत्र 'ब'ला 10 गुणांनी वरचढ दाखवते. पण मूळच्या सगळ्या 100 मुलांचा हिशेब मांडला तर 'अ' 63 आणि 'ब' 58.

2015च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने राज्यांना बाहेर पडलेली मुले पुढची 4 वर्षे गटात मोजण्याची मुभा दिली. पण तिसरीत बाहेर पडलेले मूल अकरावीत त्या मोजणीत नसते. त्यामुळे 'कधी काळी ईएल असलेली सर्व मुले' असा कायमचा गट धरणे, हाच मला प्रामाणिक उपाय वाटतो.

दुसरी चूक पातळ्यांची. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 साली अमेरिकेच्या 1930च्या जनगणनेतून दाखवले की परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध (दोन गोष्टी सोबत वाढतात की उलट दिशांना जातात, हे सांगणारा उणे 1 ते अधिक 1 मधला आकडा) राज्यांच्या पातळीवर उणे 0.53 येतो, व्यक्तीच्या पातळीवर मात्र अधिक 0.12. स्थलांतरित लोक जिथे स्थायिक झाले, त्या राज्यांतले स्थानिक अधिक साक्षर होते म्हणून चिन्ह फिरले. शाळांबाबतही तेच. 'जिथे ईएल जास्त तिथे गुण कमी' यावरून एकेका ईएल मुलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तिथे गरिबीही जास्त असू शकते.

म्हणून संशोधक बहुस्तरीय प्रारूप वापरतात. त्यात गुणांतली तफावत दोन भागांत विभागतात: शाळेच्या आतली आणि शाळाशाळांमधली. अमेरिकी शाळांतल्या समान संधींवरच्या 1966च्या कोलमन अहवालापासून दिसते की मोठा भाग शाळेच्या आतच असतो. पुढचा टप्पा असा, की ईएल आणि इतर मुलांतली दरी हा आकडा प्रत्येक शाळेसाठी वेगळा धरायचा आणि गरीब मुलांचे प्रमाण, शाळेचा आकार, प्रशिक्षित शिक्षकांचे प्रमाण यांवरून ती दरी कमीजास्त होते का, ते तपासायचे. शाळा चांगली असणे वेगळे, आणि तिच्यात ही दरी लहान असणे वेगळे.

गट लहान असला की आकडा डळमळतो. गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 20 असेल तर 12 मुलांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने ती साधारण जितकी हलू शकते तो आकडा, जवळपास 6, तर 100 मुलांच्या सरासरीची 2. अशा आकड्यावर शाळेला दहापैकी गुण चिकटवणारी संकेतस्थळे शास्त्रीय नाहीत. जन्मपत्रिकेवर विश्वास न ठेवणारी माणसेही तो गुण पत्रिकेसारखा मानतात, हे मला फार खटकते.

हायस्कूलमध्ये खरा फरक पडतो तो वेळापत्रकाने. बोलण्यापुरती इंग्रजी 3 ते 5 वर्षांत येते, अभ्यासाची यायला 4 ते 7 वर्षे लागतात. नववीत दाखल झालेल्या मुलाकडे चारच वर्षे असतात. त्यात इंग्रजीच्या जादा तासांसाठी बीजगणित किंवा रसायनशास्त्र पुढे ढकलले, तर राज्याच्या परीक्षेत त्याच्यासमोर न शिकवलेला विषय येतो. तेव्हा शाळेला विचारायचे ते हे: ईएल मुले कोणते विषय घेतात, इंग्रजीचा तास कुठल्या तासाच्या बदल्यात लागतो, आणि विज्ञानाच्या शिक्षकांना भाषा शिकवण्याचे प्रशिक्षण आहे का.