समपृष्ठरज्जू प्राण्यांतील जनुक नियमनाची उत्क्रांती

कोणते जनुक कुठल्या पेशीत, कधी आणि किती काम करेल हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे जनुक नियमन. पाठीचा कणा नसलेल्या, पण पृष्ठवंशींच्या सर्वांत जवळच्या प्राण्यांत ती कशी होती आणि कणा आला तेव्हा तिच्यात काय बदलले, हा या अभ्यासाचा विषय. हे नातेवाईक दोन गटांतले: ॲम्फिऑक्सस, म्हणजे माशासारखा दिसणारा छोटा समुद्री प्राणी, आणि ॲसिडियन, म्हणजे समुद्रात एका जागी चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी. पृष्ठवंशी आणि हे नातेवाईक मिळून समपृष्ठरज्जू प्राणी.

पुण्यात प्राणिशास्त्र शिकलेल्यांना दोघेही ओळखीचे, पण मेलेले. हर्डमानिया हा ॲसिडियन फॉर्मॅलिनच्या बरणीत, ॲम्फिऑक्सस स्लाइडवर. स्पॉटिंगला आडवा छेद ओळखायचा, जर्नलमध्ये आकृती काढायची, सही घ्यायची. आकृतीत पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतून जाणारा आधाराचा लवचीक दांडा (नोटोकॉर्ड), नीट दिसतो. तो घडवायचा हुकूम कुठून सुटतो, ते दिसत नाही.

ते दाखवले सायोना या ॲसिडियनने. त्याच्या डिंभाच्या (अळीसारख्या बालावस्थेच्या) पृष्ठरज्जूत मोजून ४० पेशी असतात आणि त्या घडायला ब्रॅकियुरी हे जनुक लागते. फलित अंड्यांना विजेचा हलका झटका देऊन बाहेरचा डीएनए आत घालता येतो, तोही एकाच वेळी शेकडो अंड्यांत. या जनुकाला लागूनचा ४३४ बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा निळा रंग देणाऱ्या जनुकाला जोडला, तर डिंभाच्या शेपटीतला पृष्ठरज्जू निळा होतो. असा नियामक तुकडा म्हणजे एन्हान्सर; सोप्या भाषेत, जनुकाचे बटण. १९९७ साली हे प्रसिद्ध झाले.

दिसायला ॲम्फिऑक्सस माशासारखा, तरी २००६ मधील जनुकीय तुलनेनुसार ॲसिडियनच आपले अधिक जवळचे. पण त्यांच्या जीनोमची (संपूर्ण जनुकसंचाची) बरीच काटछाट आणि उलथापालथ झाली आहे. शरीराचा कुठला भाग कुठे घडेल हे ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांची रांगसुद्धा विस्कटली. म्हणून मूळ पूर्वज कसा होता हे विचारायचे तर ॲम्फिऑक्ससकडेच जावे लागते. त्याच्यात हॉक्स जनुकांचा एकच समूह आहे, हे १९९४ मध्ये कळले. माणसात असे चार समूह आणि ३९ जनुके. संपूर्ण जीनोम दुप्पट होण्याची कल्पना सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये मांडली होती. २००८ साली ॲम्फिऑक्ससचा सुमारे ५२ कोटी बेसजोड्यांचा जीनोम वाचला गेल्यावर पृष्ठवंशींच्या वंशात असे दोनदा घडल्याला भक्कम आधार मिळाला.

प्रती वाढल्या, मग पुढे काय? २०१८ मधील ॲम्फिऑक्ससच्या मोठ्या अभ्यासाचे उत्तर चकवणारे आहे. दुपटीनंतर टिकलेल्या अनेक जनुकांभोवती बटणे वाढली, पण त्यांचे कामाचे क्षेत्र आकसले. ॲम्फिऑक्ससमध्ये एकच जनुक जिथे अनेक ऊतींत राबते, तिथे पृष्ठवंशींतली एखादी प्रत एकदोन ऊतींपुरतीच उरते. बटणे जास्त म्हणजे काम जास्त, हा आपला अंदाज इथे फसतो. बहुधा नेमकेपणासाठीच जास्त बटणे लागतात.

जुनी बटणे नव्या घरातही चालतात. ॲम्फिऑक्ससच्या हॉक्स समूहातले तुकडे उंदीर आणि कोंबडीच्या गर्भात घातल्यावर त्यांतल्या काहींनी न्यूरल क्रेस्ट पेशींतही (पृष्ठवंशींच्या गर्भात चेतारज्जूच्या कडेने निघून इतरत्र जाणाऱ्या पेशींत) जनुक चालू केले. ॲम्फिऑक्ससला न्यूरल क्रेस्टच नाही! हा प्रयोग २००० सालचा.

समुद्र नसलेल्या पुण्यात याच प्रश्नाचे दूरचे टोक गोड्या पाण्यातल्या हायड्रावर तपासले जाते. इथल्या एका वाणाचे नावच ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’. त्याला पृष्ठरज्जू नाही, डोके-शेपूट म्हणावे असेही फारसे नाही. तरी तोंडाकडची बाजू ठरवायला तो विंट (Wnt) हा पेशींमधला रासायनिक संकेत वापरतो, आणि ॲम्फिऑक्ससचा गर्भ त्याच कुळातले संकेत शेपटीच्या टोकाशी वापरतो.