सपक सायडर आणि ठेल्यावरची जांभळं

माझा भाचा इंग्लंडात हेरफर्डला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने फिकट सोनेरी ग्लास दाखवला. "मामा, सहा आठवडे सांभाळलं आणि चव काय, तर सफरचंद विसळलेलं पाणी!" तिकडे सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, स्वतःपुरती घरी करायला मुभा आहे. इंदूरात हा उद्योग केला तर आबकारीवाले दारात येतील, त्यामुळे माझी मदत रसायनशास्त्रापुरतीच.

"साखर घालू का?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि नेमकी इथेच सगळ्यांची चूक होते. लिटरभर रसात साधारण शंभर ग्रॅम साखर असते. यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करून सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल करतं. साखर गेली की तिच्या आड लपलेलं उघडं पडतं: आंबटपणा बेताचा, तुरटपणा नावालाही नाही. वरून साखर ओतली तर उरलेलं यीस्ट बंद बाटलीत पुन्हा कामाला लागतं, वायू कोंडतो आणि बाटली फुटू शकते. (नासपतीत सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थ असतो, तो यीस्टला पचत नाही, म्हणून नासपतीची दारू, 'पेरी', आपसूक गोडसर राहते.)

आंबटपणाचं काम सोपं. सफरचंदातलं मॅलिक आम्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये वेगळं केलं. आज त्याची पूड विकत मिळते. लिटरला एक ग्रॅम घालायची, चाखायचं, मग पुढचं ठरवायचं. कधी कधी जीवाणू मॅलिकचं लॅक्टिक आम्ल करून टाकतात. मॅलिकच्या रेणूला आम्लाची दोन टोकं, लॅक्टिकला एकच, म्हणून आंबटपणा बोथट होतो.

खरी मजा तुरटपणात. कॉल चालू असताना माझ्यापुढे राजवाड्याजवळच्या ठेल्यावरून आणलेली जांभळं होती. एक चावलं आणि जीभ टाळूवर फिरवली. मघाशी घसरत होती, आता खरखरीत कापडावर घासल्यासारखी अडखळली. हे टॅनिनचं, म्हणजे फळांत आणि चहात असणाऱ्या तुरट द्रव्याचं काम. लाळेत काही लांबलचक, सैल प्रथिनं असतात आणि त्यांत प्रोलीन हे अमिनो आम्ल ठासून भरलेलं असतं. प्रोलीनला अणूंचं एक चपटं कडं असतं, टॅनिनच्या रेणूला तशी अनेक कडी. कड्यावर कडं बसतं, वर हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी ओढ, ते घट्ट करतात. टॅनिन मोठं असेल तर ते एकाच वेळी दोन-तीन प्रथिनांना धरतं, त्यांची गुठळी होऊन साका बसतो आणि तोंडातलं वंगणच निघून जातं. नवी लाळ सुटायला वेळ लागतो, म्हणून दुसरा घोट पहिल्यापेक्षा तुरट लागतो. टॅनिन लहान असेल तर मात्र तुरटपणापेक्षा कडवटपणा जास्त. आपल्या सहा रसांत 'कषाय' आहेच. शरीरशास्त्राच्या हिशेबात मात्र ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव जास्त. कोऱ्या चहात दूध पडलं की तो मवाळ होतो, तोही याच न्यायाने: दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला आधीच पकडून ठेवतं.

सायडरची सफरचंदं वेगळीच असतात. १९०३ मध्ये इंग्लंडातले सायडर-संशोधक बार्कर यांनी त्यांची वर्गवारी केली: आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर गेलं तर आंबट, टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर गेलं तर कडू-तुरट. डॅबिनेटसारखी जात नुसती खाववत नाही. आणि आमचे भाचेराव सायडरच्या माहेरघरी राहून रस आणतात कुठून, तर सुपरमार्केटातून, खायच्या गोड सफरचंदांचा!

जाता जाता: हीच सायडर हवेत उघडी राहिली की ॲसिटिक जीवाणू तिचा व्हिनेगर करतात. त्याचा चमचा सकाळी घेऊन पोट उतरवणारे आमच्या कॉलनीतही आहेत. शेव-जिलेबी तशीच चालू आहे, पोटही तसंच आहे.

भाच्याला चार छोटे ग्लास भरायला लावले: एक साधा, एक मॅलिकचा, एक कडक कोऱ्या चहाचे दोन चमचे घातलेला, एक दोन्हींचा. नुसत्या मॅलिकच्या घोटाला त्याने डोळा मिटला, नुसत्या चहाच्याला तोंड वाकडं केलं. चौथा ग्लास रिकामा करून म्हणाला, "पाच लिटरला चहा किती घालू?" एक कप, म्हटलं, आणि बाटलीत भरण्याआधी चाखून बघ.