एकाच घरात राहून परस्परसंमतीने घटस्फोट : अर्ज कुठे करायचा, काय जोडायचं, कुठे अडतं

‘वर्षभर वेगळं राहिल्याशिवाय अर्ज होत नाही’ हे ऐकून अनेक जण आधी भाड्याची खोली शोधायला लागतात. त्याची गरज नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ब मधलं ‘वेगळं राहणं’ म्हणजे नवरा-बायको म्हणून न नांदणं. छप्पर एक असलं तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सुरेष्टा देवी प्रकरणात १९९१ मध्येच सांगितलं आहे. हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नाला कलम २८ लागतं. वर्षाची अट तीच.

अर्ज अडतो तो तारखेवर. दोघांचा पत्ता एकच असेल तर तसाच लिहा. वेगळं दाखवायला माहेरचा पत्ता टाकला आणि रेशनकार्ड, आधार दुसरंच सांगत असलं, की उलट प्रश्न सुरू होतात. अमुक तारखेपासून खोली वेगळी, चूल वेगळी, वैवाहिक संबंध नाहीत, हे दोघांच्याही प्रतिज्ञापत्रात एकाच तारखेने आलं पाहिजे. मध्ये पुन्हा संसार सुरू झाला असेल तर वर्ष नव्याने मोजावं लागतं.

अर्ज लग्न लागलं तिथे, शेवटचं एकत्र राहिलात तिथे किंवा दोघांपैकी कुणी आता राहतं तिथे करता येतो. लग्न सिल्लोडला आणि संसार छत्रपती संभाजीनगरात, तर शहरातलं कौटुंबिक न्यायालय. ज्या भागासाठी कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर.

सोबत लग्नपत्रिका व फोटो, दोघांची आधारकार्डं, मुलांचे जन्मदाखले, राहत्या घराचा पुरावा आणि संमतीच्या अटी. गावाकडे लग्नाची नोंदणी बहुधा झालेली नसते. त्याने लग्न अवैध ठरत नाही, पत्रिका आणि फोटोंवर काम भागतं. अटींमध्ये पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन आणि घर कोण, कोणत्या तारखेपर्यंत सोडणार हे लिहा. शेवटचा मुद्दाच लोक विसरतात, आणि निकालानंतर भांडण त्यावरच होतं.

पहिल्या अर्जानंतर ६ महिन्यांनी, पण १८ महिन्यांच्या आत, दुसरा अर्ज. पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे असाल, समेट फसला असेल आणि देणंघेणं मिटलं असेल, तर हे ६ महिने माफ करायचा विनंतीअर्ज करता येतो (सर्वोच्च न्यायालय, अमरदीप सिंग प्रकरण, २०१७). पहिल्या अर्जानंतर आठवड्याने तो देता येतो. माफी द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं. निकाल लागेपर्यंत कोणीही संमती काढून घेऊ शकतं.

तोवर बायकोला घराबाहेर काढता येत नाही. नमुना आठवर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) नाव सासऱ्याचं असलं तरी, ती संसार करत आली ते घर असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम १७ लागू होतं. कुलूप लावलंच, तर संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करावा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.