सल्लागार समिती कुणाच्या बळावर उभी असते? राष्ट्रीय संग्रहालयांच्या कारभाराची पार्श्वभूमी

8 फेब्रुवारी 2019 च्या संध्याकाळी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि बरव्यांविषयी बोलता बोलता संग्रहालयाच्या कारभाराकडे वळले. मुंबई आणि बंगळुरू इथल्या केंद्रांच्या स्थानिक सल्लागार समित्या नोव्हेंबर 2018 पासून राहिलेल्या नाहीत, यापुढे कुठलं प्रदर्शन भरवायचं हे दिल्लीत ठरेल आणि स्थानिक कलावंतांच्या समितीने ठरवलेलं हे शेवटचंच प्रदर्शन असेल, अशी काळजी त्यांनी मांडली. त्यांना मध्येच थांबवून प्रदर्शनापुरतं बोलायला सांगण्यात आलं. त्या प्रसंगाची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि पुढचे काही दिवस चर्चा झाली ती मुख्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. ती व्हायलाच हवी होती. पण संग्रहालयाचे निर्णय कोणी घ्यायचे, हा पालेकरांचा मूळ प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला. तो प्रश्न समजून घ्यायचा तर सुरुवात कोलकात्यापासून करावी लागते.

2 फेब्रुवारी 1814 रोजी नॅथानिएल वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीला पत्र लिहिलं. सोसायटीकडे नाणी, शिलालेख, दगड, प्राण्यांचे सांगाडे असं बरंच काही साठत चाललं होतं. त्याचं रीतसर संग्रहालय करावं, त्यात आपल्याकडचे नमुने आपण देऊ आणि देखभालही बिनपगारी करू, असा त्याचा प्रस्ताव होता. सोसायटीने तो मान्य केला. आज ज्याला आपण इंडियन म्युझियम म्हणतो ते असं एका विद्वत्संस्थेच्या खोल्यांत, सभासदांच्या हौसेवर सुरू झालं. काही दशकांत पसारा इतका वाढला की सोसायटीला तो झेपेना. सरकारने राजधानीत सार्वजनिक संग्रहालय उभारावं आणि आमचा संग्रह त्यात घ्यावा, अशी मागणी तिने लावून धरली. वाटाघाटी अनेक वर्षं चालल्या आणि 1866 मध्ये कायदा झाला.

त्या कायद्याने संग्रह सरकारी खात्याच्या ताब्यात दिला नाही. त्याने विश्वस्त मंडळ निर्माण केलं. मालमत्ता मंडळाच्या नावावर, वस्तूंची जबाबदारी मंडळावर आणि मंडळात सोसायटीचे प्रतिनिधी. सोसायटी आपला पन्नासहून अधिक वर्षांचा ठेवा सोपवत होती, तेव्हा तिने तो कोणाच्या हाती जातो याची कायद्यातच तजवीज करून घेतली. चौरंगीवर डब्ल्यू. एल. ग्रॅनव्हिल यांच्या आराखड्याची इमारत उभी राहिली आणि 1878 मध्ये तिथली दालनं लोकांना खुली झाली. पुढे 1910 चा इंडियन म्युझियम कायदा आला. थोड्याफार दुरुस्त्यांसह तोच आजही लागू आहे. पश्चिम बंगालचे राज्यपाल पदसिद्ध अध्यक्ष. केंद्राच्या संबंधित खात्याचे सचिव, कोलकात्याचे महापौर, विद्यापीठाचे कुलगुरू आणि महालेखापाल हे पदसिद्ध सदस्य. केंद्र व राज्य सरकारांनी नेमलेली माणसं, आणि शिवाय एशियाटिक सोसायटीचा एक प्रतिनिधी. वॉलिकच्या पत्रानंतर दोन शतकांनीही त्या सोसायटीला मंडळात जागा आहे, कारण ती कायद्यात लिहिलेली आहे. मंत्री बदलले, सरकार बदललं, तरी संसदेत दुरुस्ती केल्याशिवाय ती जागा काढता येत नाही.

हा नमुना अर्थातच लंडनचा. ब्रिटिश म्युझियम 1753 च्या कायद्याने विश्वस्तांच्या हाती दिलं गेलं होतं. 1963 च्या कायद्यानंतर तिथे 25 विश्वस्त असतात: 15 पंतप्रधान नेमतात, एक राजसत्ता, चार विद्वत्संस्थांच्या शिफारशीने येतात आणि पाच विश्वस्त स्वतः निवडतात. पंतप्रधानांच्या हातात बहुमत आहे, हे खरंच. पण उरलेल्या जागांवर कोण यावं हे सरकार एकट्याने ठरवू शकत नाही.

मुंबईने याच धर्तीवर, पण आपल्या पद्धतीने काम केलं. 1904 च्या सुमारास शहरातल्या काही मान्यवरांनी प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीचं स्मारक म्हणून संग्रहालय उभारायचं ठरवलं. नोव्हेंबर 1905 मध्ये पायाभरणी झाली, सरकारने जमीन दिली, सर कावसजी जहांगीर आणि सर करीमभाई इब्राहिम यांच्यासारख्यांनी देणग्या दिल्या आणि 1909 मध्ये मुंबई सरकारने कायदा करून विश्वस्त संस्था स्थापन केली. इमारतीची स्पर्धा जॉर्ज विटेट यांनी जिंकली. बांधकाम संपेपर्यंत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इमारतीचं लष्करी इस्पितळ झालं. अखेर 10 जानेवारी 1922 रोजी संग्रहालय उघडलं. तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. दिल्लीच्या मंत्रालयाचं ते कार्यालय नाही. नैसर्गिक इतिहासाचं दालन उभं करायचं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे होतं, चित्रांचा आणि पुरावस्तूंचा मोठा भाग रतन टाटा व दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आला. मोतीचंद्र आणि नंतर सदाशिव गोरक्षकर यांच्यासारखे अभ्यासक तिथे दीर्घकाळ संचालक राहिले. विश्वस्त संस्थेचा माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा: अभ्यासकाला वस्तूंच्या सहवासात वीस-वीस वर्षं काढता येतात.

आता दिल्ली. राजधानी 1911 मध्ये दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली तरी राजधानीला साजेसं मध्यवर्ती संग्रहालय व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. सर मॉरिस ग्वायर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाची योजना मांडली. पण ते प्रत्यक्षात आलं ते एका प्रदर्शनाच्या निमित्ताने. 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीत भारत आणि पाकिस्तानातल्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. देशभरातल्या संग्रहालयांनी आपल्या उत्तमोत्तम मूर्ती आणि चित्रं त्यासाठी दिली. त्या परत आल्यावर, मूळ ठिकाणी पाठवण्याआधी, आज ज्याला राष्ट्रपती भवन म्हणतो त्या वास्तूत मांडल्या गेल्या. लोकांनी गर्दी केली. त्या वस्तूंमधूनच कायमचं संग्रहालय करायचं ठरलं आणि 15 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन झालं.

प्रारंभी कारभार पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांकडे होता. 1957 मध्ये संग्रहालय त्या खात्यापासून वेगळं होऊन थेट शिक्षण मंत्रालयाखाली आलं. जनपथावरच्या इमारतीची पायाभरणी 1955 मध्ये नेहरूंनी केली आणि डिसेंबर 1960 मध्ये उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तिचं उद्घाटन केलं. पहिल्या पूर्णवेळ संचालक ग्रेस मॉर्ली सॅन फ्रान्सिस्कोच्या कला संग्रहालयाच्या प्रमुखपदाचा अनुभव घेऊन आल्या होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली आणि माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट तीच आहे. राष्ट्रीय संग्रहालयासाठी स्वतंत्र कायदा कधी झालाच नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्र सूचीच्या 62 व्या नोंदीत नॅशनल लायब्ररी, इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल यांची नावं आहेत. घटना लागू झाली तेव्हा दिल्लीचं संग्रहालय पाच महिन्यांचं होतं. त्या यादीत ते नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाला 1961 मध्ये संसदेचा कायदा आणि राज्यपालांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ मिळालं. देशाचं मध्यवर्ती संग्रहालय मात्र मंत्रालयाचं अधीनस्थ कार्यालय राहिलं. म्हणजे अंदाजपत्रक, नेमणुका, मोठी खरेदी, परदेशी जाणारी प्रदर्शनं, सगळ्याची फाइल मंत्रालयात जाते.

अशा ठिकाणी तज्ज्ञांचा प्रवेश होतो तो समित्यांतून. वस्तू-खरेदी समितीचंच उदाहरण घ्या. संग्रहालय जाहिरात देतं, लोक आपल्याकडच्या मूर्ती, पोथ्या, लघुचित्रं घेऊन येतात. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे वस्तूची नोंदणी झालेली आहे का हे पाहिलं जातं. मग समितीतले तज्ज्ञ दोन प्रश्नांची उत्तरं देतात: वस्तू खरी आहे का आणि तिची किंमत किती. दोन्ही उत्तरं चुकण्याची शक्यता मोठी आणि चुकलं तर नुकसान भरून न येणारं. एखाद्या सचिवाने कितीही प्रामाणिकपणे काम केलं तरी बाराव्या शतकातली कांस्यमूर्ती आणि गेल्या दशकात ओतलेली नक्कल यांतला फरक तो ओळखेल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. म्हणून समिती लागते. ती वेळेवर नेमली गेली नाही की खरेदी थांबते, आणि चांगल्या वस्तू खासगी बाजारात निघून जातात.

प्रदर्शनांची समिती, प्रकाशनांची समिती, जतन-संवर्धनाची समिती, सर्वसाधारण सल्लागार समिती: या साऱ्यांचा जन्म एका आदेशाने होतो. आदेशात सदस्यांची नावं, कार्यकाळ आणि बैठकीचा भत्ता असतो. कार्यकाळ संपल्यावर पुनर्गठन करायचं की नाही, केव्हा करायचं, कोणाला घ्यायचं, हे आदेश काढणाऱ्याच्या हाती. समितीने दिलेला सल्ला बंधनकारक नसतो आणि तो का नाकारला हे लिहून ठेवायचीही सक्ती नसते. समितीत कितीही मोठी माणसं असोत, तिच्या बैठकीच्या इतिवृत्तापलीकडे तिचं बळ जात नाही.

आधुनिक कला संग्रहालयाची रचना हीच. 29 मार्च 1954 रोजी दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये ते सुरू झालं. आधी बडोद्याच्या संग्रहालयाची धुरा वाहिलेले हर्मान गोएट्झ त्याचे पहिले प्रमुख. मुंबईचं केंद्र मात्र दिल्लीने आपणहून दिलेलं नाही. कुलाब्याजवळचं सर कावसजी जहांगीर सभागृह 1911 मधलं, तेही विटेट यांचंच. सभा, गाण्याच्या मैफली, कामगारांचे मेळावे, लग्नंसुद्धा तिथे झाली आणि हळूहळू वास्तूला अवकळा आली. तिथे आधुनिक कलेचं दालन व्हावं म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि शहरातल्या इतर कलाप्रेमींनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. पोचखानवाला 1986 मध्ये गेल्या. दालन उघडलं 1996 मध्ये. त्यामुळे स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती ही इथे कोणी केलेली मेहेरबानी नव्हती. शहराने मागून, झगडून मिळवलेल्या जागेवर शहराचा तो हक्क होता. 2018 मध्ये संपलेल्या समितीचे अध्यक्ष चित्रकार सुहास बहुलकर होते. महाराष्ट्राच्या कलेतिहासाचा त्यांच्याइतका जाणता माणूस शोधावा लागेल. पण त्यांच्या जागेला, किंवा समितीतल्या कुठल्याच जागेला, कायद्याचा आधार नव्हता. म्हणून ती समिती गेली तेव्हा ना संसदेत दुरुस्ती करावी लागली, ना कोणाला कारण द्यावं लागलं.

त्या चौकात उभं राहिलं की हा सगळा इतिहास समोरासमोर दिसतो. रस्त्याच्या एका बाजूला 1909 च्या कायद्याने विश्वस्तांकडे दिलेलं वास्तुसंग्रहालय, दुसऱ्या बाजूला मंत्रालयाच्या आदेशावर चालणारं दालन. वास्तुविशारद एकच, शहर एकच, देणगीदार घराणंही एकच. 2017 मध्ये या विश्वस्त संस्थेने ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांना बरोबर घेऊन भारत आणि जग यांच्या संबंधांवर मोठं प्रदर्शन उभं केलं, आणि ते मुंबईत आधी, दिल्लीत नंतर गेलं.

कायद्याने बसवलेलं मंडळ म्हणजे सगळ्या दुखण्यांवर औषध, असं मात्र नाही. इंडियन म्युझियममधून 2004 च्या डिसेंबरमध्ये बुद्धाचं शिल्पशीर्ष चोरीला गेलं. 2013 मध्ये तिथल्या रामपुरवाच्या अशोककालीन सिंहशीर्षाला हलवताना इजा झाली. त्याच वर्षी कॅगच्या अहवालाने खरेदी, नोंदी, पडताळणी आणि साठवण यांवर गंभीर प्रश्न उपस्थित केले, आणि त्यात कायद्याने चालणारी व मंत्रालयाने चालवलेली, दोन्ही प्रकारची संग्रहालयं होती. पदसिद्ध सदस्यांना इतर शंभर कामं असतात. राज्यपालांना वेळ मिळेल तेव्हा बैठक, असं झालं तर मंडळही कागदावरच राहतं. तरीही एक फरक उरतो. मंडळाला जाब विचारता येतो, कारण जबाबदारी कोणाची हे कायद्यात लिहिलेलं असतं. सल्लागार समितीला कोणी जाब विचारत नाही, आणि विचारावा तरी कशाबद्दल?

हा विषय आता पुन्हा तातडीचा झाला आहे. रायसीना टेकडीवरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या इमारतींमध्ये 'युगे युगीन भारत' या नावाने नवं राष्ट्रीय संग्रहालय करण्याचं केंद्र सरकारने ठरवलं आहे आणि त्यासाठी फ्रान्सचं सहकार्य घेतलं आहे. दालनांची संख्या, क्षेत्रफळ, जगातल्या मोठ्या संग्रहालयांशी तुलना याविषयी भरपूर छापून येतं. जनपथावरच्या दोन लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तपासून, त्या बांधून, हलवून पुन्हा मांडायच्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणाची सही लागेल, याविषयी फारच थोडं बोललं जातं. इतकं मोठं स्थलांतर हाती घेताना राष्ट्रीय संग्रहालयाचा कायदा संसदेत आणायला याहून योग्य वेळ मिळणार नाही. त्यात विद्वत्संस्थांच्या जागा असाव्यात, संवर्धकांचा प्रतिनिधी असावा, राज्यांचाही असावा, कारण 1948 मध्ये त्यांच्याच संग्रहालयांतून आलेल्या वस्तूंवर हे सारं उभं राहिलं. आणि मुंबई-बंगळुरूसारख्या केंद्रांच्या स्थानिक समित्या त्याच कायद्यात, कार्यकाळ आणि अधिकारांसकट, लिहिल्या जाव्यात.