मूत्रपिंडाची तीव्र इजा आणि नायट्रिक ऑक्साइड : पार्श्वभूमी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की भर उन्हात राबणाऱ्या मजुरांवर, आणि पावसाळ्यात धानाची रोवणी व कपाशीची निंदणी सुरू झाली की घोणस चावलेल्या शेतकऱ्यांवर, एकच संकट ओढवू शकते. काही तासांत किंवा थोड्याच दिवसांत मूत्रपिंडांचे काम मंदावते, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य रक्तात चढत जाते. डॉक्टर याला ‘एकेआय’ म्हणजे मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणतात. घरची माणसे ‘किडनी फेल झाली’ एवढेच सांगतात. असा रुग्ण विदर्भातल्या लहान रुग्णालयातून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पाठवला जातो. तेथे त्याला सलाइन, साप चावला असेल तर प्रतिविष आणि गरज पडल्यास डायलिसिस मिळते. मात्र मूत्रपिंडाच्या पेशींची इजा थांबवणारे असे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. त्या औषधाच्या शोधात ज्या रेणूने संशोधकांना सर्वाधिक आशा दाखवली आणि सर्वाधिक चकवले, तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड.

या इजेचे आधुनिक वर्णन युद्धातून आले. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात, त्यांचा रक्तदाब सावरे, आणि तरीही काही दिवसांत ती मूत्रपिंडे बंद पडून दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. शवविच्छेदनात त्यांना मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत तपकिरी रंगद्रव्याचे साचे अडकलेले दिसले. चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेले ते मायोग्लोबिन हे प्रथिन होते. या तपकिरी रंगद्रव्याचा नायट्रिक ऑक्साइडशी काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. त्याच दशकात नेदरलँड्समध्ये कोल्फ यांनी डायलिसिसचे यंत्र उभे केले आणि असे रुग्ण जगू लागले. इजेच्या व्याख्येवर मात्र एकमत व्हायला २००४ साल उजाडले. २०१२ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार रक्तातले क्रिएटिनिन ४८ तासांत दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने किंवा सात दिवसांत दीडपट वाढले, अथवा लघवी सलग सहा तास वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर ती तीव्र इजा मानली जाते.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये वेगळा केला होता, आणि नायट्रोग्लिसरीन १८७९ पासून हृदयशूळावर दिले जात होते. पण ते गुण का देते याचा उलगडा शंभर वर्षे झाला नाही. १९७७ मध्ये फेरिद मुराद यांनी दाखवले की अशा औषधांतून हा वायू सुटतो आणि त्यामुळे रक्तवाहिनीचा स्नायू सैलावतो. शरीर स्वतःही असे काही बनवते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत कळले. सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर ॲसिटिलकोलीन हे चेतापेशींचे संदेशवाहक रसायन घातले की ती सैल पडायला हवी, पण कधी पडे, कधी पडत नसे. शोध घेता लक्षात आले की हाताळताना आतला पातळ अंतःस्तर घासून निघाला तर प्रतिसादही जातो. मग त्यांनी अंतःस्तर खरवडलेली एक पट्टी आणि अंतःस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी समोरासमोर चिकटवून ठेवली, तेव्हा खरवडलेली पट्टीही सैलावली. म्हणजे अंतःस्तरातून काहीतरी झिरपून पलीकडे जात होते. हा शोध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये मोंकाडा आणि इग्नारो यांच्या गटांनी सिद्ध केले. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. मोंकाडा यांचे नाव त्यात नव्हते, ही माझ्या मते मोठी उणीव राहिली.

मूत्रपिंडाच्या अभ्यासकांनी या रेणूकडे लगेच वळण्याला सबळ कारण होते. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा वीस ते पंचवीस टक्के वाटा त्यांच्याकडे जातो. मात्र त्यातला बहुतेक वाटा बाहेरच्या भागाला मिळतो. आतल्या गाभ्यात मिठाचे शोषण करणाऱ्या नलिका अखंड राबतात आणि त्यांना मिळणारा ऑक्सिजनचा दाब १० ते २० मिलिमीटर पाऱ्याइतकाच असतो. धडधाकट माणसातही हा भाग गुदमरण्याच्या काठावरच असतो. इस्रायलमधील ब्रेझिस आणि रोझेन यांनी उंदरांवर दाखवले की गाभ्याचा रक्तपुरवठा टिकवण्यात नायट्रिक ऑक्साइडचा मोठा हात आहे. त्याची निर्मिती रोखून एक्स-रे तपासणीचे रंगद्रव्य टोचले, तर गाभ्याला इजा होते. १९९२ मध्ये इतर गटांनी दाखवले की ही निर्मिती आठवडेच्या आठवडे रोखली तर उंदरांचा रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडे खराब होतात. चित्र स्पष्ट वाटत होते: हा वायू मूत्रपिंडाचा रक्षक आहे, तो कमी पडला की इजा होते, म्हणून तो वाढवला पाहिजे.

१९९४ मध्ये श्रायर यांच्या गटाने उंदराच्या मूत्रपिंडातील नलिका वेगळ्या काढल्या, त्यांचा ऑक्सिजन तोडला, पुन्हा दिला, आणि नेमके उलटे पाहिले. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखली तर नलिका वाचत होत्या. दोन वर्षांनी गोलिगोर्स्की यांच्या गटाने जिवंत उंदरांत हा वायू बनवणाऱ्या एका विशिष्ट एन्झाइमची निर्मिती दाबून मूत्रपिंडाचे रक्षण करून दाखवले. या विसंगतीचे उत्तर या एन्झाइमांच्या तीन प्रकारांत होते. अंतःस्तरातला प्रकार थोडाथोडा वायू सतत सोडतो, चेतापेशींतला प्रकार मूत्रपिंडातही आढळतो, आणि तिसरा एरवी जवळजवळ नसतो, पण दाह किंवा जंतुसंसर्ग होताच जागा होतो आणि तासन्‌तास भरमसाट वायू ओततो. त्याच वेळी इजा झालेल्या पेशीत सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे क्रियाशील रूप तयार होत असते. या दोहोंच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट हे अतिशय दाहक रसायन बनते आणि ते प्रथिने, मेद व डीएनए यांना इजा करते. त्याहून वाईट असे की एन्झाइमला कामासाठी लागणारा सहघटक कमी पडला तर अंतःस्तरातला रक्षक एन्झाइमही नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवू लागतो. तेव्हा हा वायू किती आहे, एवढे मोजून भागत नाही. तो कोणत्या पेशीत, कोणत्या घटकेला आणि कशाच्या सोबतीने निर्माण झाला, हे कळल्याशिवाय औषधाची दिशा ठरत नाही.

हे न ओळखण्याची किंमत रुग्णांनी मोजली. जंतुदोषाच्या धक्क्यात तिसरा एन्झाइम उसळतो, रक्तवाहिन्या ढिल्या पडतात आणि मूत्रपिंडांनाही झळ बसते, म्हणून सगळेच प्रकार सरसकट रोखणारे औषध मोठ्या चाचणीत दिले गेले. रक्तदाब वर आला. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार औषध घेतलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण ५९ टक्के आणि न घेतलेल्यांतील ४९ टक्के होते. चाचणी मध्येच थांबवावी लागली. घातक प्रवाहाबरोबर रक्षक प्रवाहही बंद केला गेला होता. उंदरांवरच्या उत्साहवर्धक निष्कर्षांची बातमी वाचताना ही चाचणी नेहमी आठवावी, असे मला कळकळीने वाटते.

यानंतरचा धागा विदर्भाला सर्वांत जवळचा आहे. तांबड्या पेशीच्या आत असलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला फारसे धक्का लावत नाही, कारण पेशीचे आवरण आणि वाहिनीच्या भिंतीलगतचा पेशीविरहित थर यांमुळे दोघांत अंतर राहते. पेशी फुटली की हे अंतर नाहीसे होते. मोकळे हिमोग्लोबिन वायूला क्षणात गिळून त्याचे नायट्रेट करते. अमेरिकेतील संशोधकांनी २००२ मध्ये सिकलसेल या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांत, ज्यांच्या तांबड्या पेशी सहज फुटतात, हे दाखवले: ज्यांच्या रक्तद्रवात मोकळे हिमोग्लोबिन अधिक होते, त्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइड देणाऱ्या औषधाला बराच कमी प्रतिसाद देत होत्या. सिकलसेल हा पूर्व विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांचा रोजचा विषय आहे. घोणसीच्या विषानेही तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि उन्हात अति श्रमाने स्नायू विरघळले तर मायोग्लोबिन सुटते, तेही याच वायूला शोषून घेते. काळ्या चहासारखी लघवी होणाऱ्या रुग्णाच्या गाभ्यात त्या घटकेला हा तुटवडा असू शकतो. बायवॉटर्स यांना दिसलेले साचे नलिका तुंबवत होतेच. सोबत रक्तपुरवठा आकसण्याचे एक कारणही त्याच रंगद्रव्यात दडलेले होते, असे आता म्हणता येते.

यावरून उपायाची नवी कल्पना निघाली: वायू श्वासातून द्यावा, म्हणजे मोकळे हिमोग्लोबिन फुप्फुसातच निष्प्रभ होईल आणि अंतःस्तराचा स्वतःचा वायू वाचेल. हृदयशस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रात तांबड्या पेशी फुटतातच, म्हणून चीनमधील शीआन येथे २४४ रुग्णांवर ही चाचणी झाली. दशलक्ष भागांत ८० भाग या प्रमाणात वायू मिळालेल्यांत तीव्र इजा ५० टक्क्यांना, तर इतरांत ६४ टक्क्यांना झाली. वर्षभरानंतरही पहिल्या गटाची मूत्रपिंडे अधिक बरी होती. हा निकाल २०१८ चा. त्याआधी फुप्फुसांच्या गंभीर विकारात हाच वायू दिलेल्या रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात मात्र मूत्रपिंडाच्या इजेचा धोका वाढलेला आढळला होता. रुग्ण बदलला, इजेचे कारण बदलले, वायू देण्याचा काळ लांबला की निष्कर्ष फिरतो. शरीर ज्यापासून हा वायू बनवते त्या आर्जिनिनची बाजारात मिळणारी पूड घेऊन कोणी मूत्रपिंड वाचवू पाहत असेल, तर त्याला या इतिहासात कसलाही आधार नाही.

शीआनच्या रुग्णांना वायू शस्त्रक्रियेदरम्यानच, म्हणजे पेशी फुटत असतानाच, सुरू करता आला होता. गडचिरोलीच्या शेतात साप चावलेला माणूस नागपूरला पोहोचेपर्यंत कित्येक तास उलटलेले असतात, रंगद्रव्य नलिकांत उतरलेले असते आणि दाहाचा तिसरा एन्झाइमही जागा होऊ लागलेला असतो. अशा उशिरा आलेल्या रुग्णाला वायू तारेल की मारेल, हे हृदयशस्त्रक्रियेच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. त्यासाठीची चाचणी जिथे हे रुग्ण येतात, तिथल्याच वॉर्डांत व्हायला हवी.