पाकिटावर एक नाव, आत दुसरं

लातूरच्या मार्केट यार्डातलं एखादं आडत दुकान घ्या. तूर-सोयाबीनचे सौदे आटोपले की कोपऱ्यातला लिनक्स कॉम्प्युटर दिवसभराचा हिशेब शेठजींना मेल करतो. पण मेल पोचतच नाही, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता आहे 'रूट ॲट हिशेब डॉट लोकल'. दुकानाच्या चार भिंतींत हा पत्ता चालतो. बाहेर असं डोमेनच नाही, म्हणून समोरचा सर्व्हर मेल दारातूनच परत लावतो.

मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता दोन ठिकाणी असतो. एक पाकिटावर: हा पत्ता एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला सांगतो, आणि मेल परत फिरला तर तिथेच येतो. दुसरा आतल्या 'फ्रॉम' हेडरमध्ये, जो आपल्याला दिसतो. मेल पोचवण्याच्या १९८२च्या एसएमटीपी नियमांनी हे दोन्ही जुळायलाच हवेत असं बंधन घातलं नाही. भामट्यांचं फावलं ते तिथेच.

वित्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये पत्ता बदलायच्या दोन मुख्य सोयी आहेत. 'कॅनॉनिकल' तक्ता मेल आत येतानाच पत्ता बदलतो. 'जेनेरिक' तक्ता तो बाहेर पडताना बदलतो, त्यामुळे दुकानातल्या दुकानात जुनंच नाव राहतं. दोन्ही तक्ते पाकीट आणि हेडर एकदमच बदलतात. जेनेरिक जास्त सोयीचा वाटतो.

गोम आहे डीकेआयएममध्ये. ही सर्व्हरची डिजिटल सही, आणि तिच्यात 'फ्रॉम' हेडर धरावंच लागतं. सही सहसा मेल रांगेत शिरतानाच होते. जेनेरिक तक्ता त्यानंतर पत्ता बदलतो, म्हणजे सही झालेल्या कागदावर खाडाखोड. समोर गेल्यावर ती सही खोटी ठरते.

तरीही मेल पोचतो! कारण समोरच्या सर्व्हरच्या डीमार्क या तपासणीला दोनपैकी एकच पुरावा पुरतो: डीकेआयएमची सही, नाहीतर एसपीएफ, म्हणजे पाकिटावरच्या डोमेनने या सर्व्हरला पाठवायची परवानगी दिली आहे का ते. एसपीएफ जुळलं की बिघाड महिनोन्महिने झाकून राहतो.

मग शेठजी तो मेल पुण्यातल्या मुलाच्या खात्यावर आपोआप फॉरवर्ड करायला लावतात. आता पाठवणारा सर्व्हर तिसराच, म्हणून एसपीएफ जुळत नाही. सही तर आधीच मोडलेली. हिशेब स्पॅममध्ये जातो, आणि दोष मात्र फॉरवर्डिंगच्या माथी येतो. अशा दुकानाला मी सही व्हायच्या आधीच पत्ता बदलणारा कॅनॉनिकलच सुचवेन.